ईएसपी३२ वरच्या तानपुरा पेटीत टिकटिक, शिट्टी आणि खरखर : नॉईज नेमका शिरतो कुठून?

षड्जपंचम :

नमस्कार. आईच्या रियाजासाठी एक लहानशी तानपुरा पेटी तयार करीत आहे. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचा साधा डेव्हलपमेंट बोर्ड, त्याच्या आतलाच ८ बिटांचा डॅक, म्हणजे आकड्यांचे व्होल्टेज करणारा भाग (पिन जीपीआयओ २५), पुढे आवाजाचे पोटेन्शिओमीटर, एलएम३८६ हा अँप्लिफायर आयसी आणि ८ ओहमचा स्पीकर अशी सारी मांडणी सध्या ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंग न करता, आहे. पट्टी दाखवण्यासाठी छोटा ओलेड डिस्प्ले लावला आहे. पट्टी आणि आवाज फोनवरून बदलता यावा म्हणून वायफाय चालू ठेवले आहे. वीजपुरवठा मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरचा आहे. आवाज कमी वाटला म्हणून एलएम३८६ च्या पिन १ आणि ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते प्रमाण) २०० केला.

तानपुरा वाजतो, पण त्यासोबत तीन नको असलेले आवाज येतात. एक म्हणजे सतत जलद टिकटिक. दुसरी बारीक शिट्टी, जी मधूनच आपला सूर बदलते. तिसरी खरखर, तार छेडल्यावर ती जाणवत नाही, पण नाद विरत जातो तसतशी वर येते आणि शेवटी तारेपेक्षा तीच अधिक ऐकू येते. आतापर्यंत १०० नॅनोफॅरडचे चार आणि १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावून पाहिले, पुण्याच्या तापकीर गल्लीतून फेराइट बीड (नॉईज अडवणारा मणी) आणून ५ व्होल्टच्या तारेत ओवला, पण उल्लेख करावा असा फरक पडला नाही. आणखी कोणता फिल्टर घालावा, याविषयी मार्गदर्शन व्हावे.

जुनारेडिओ :

फिल्टरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण तीन आवाज वेगवेगळे ओळखलेत, म्हणजे निम्मे निदान आपल्या कानांनीच केले आहे. आता प्रत्येक आवाज कोणत्या दाराने आत येतो ते पाहू. आम्ही रेडिओ दुरुस्त करीत असू तेव्हा ऑसिलोस्कोप फार थोड्यांकडे असे; बहुतेक निदान तारेचा एक तुकडा आणि कान यांवरच होत असे.

पहिली चाचणी : आवाजाचे पोटेन्शिओमीटर पूर्ण शून्यावर आणा आणि काय उरते ते ऐका. दुसरी चाचणी : एलएम३८६ ची पिन ३ (इनपुट) त्याच आयसीच्या पिन ४ ला (ग्राउंड) अगदी आखूड तारेने जोडा आणि पुन्हा ऐका. ही तार ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाच्या ग्राउंडला नव्हे, त्या आयसीच्याच पायाला जोडायची आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. तिसरी चाचणी : तानपुरा थांबवून डॅकवर १२८ ही एकच स्थिर संख्या ठेवा. चौथी : डिस्प्लेच्या तारा काढून टाका. प्रत्येक वेळी तिन्ही आवाजांचे काय झाले ते लिहून कळवा.

फेराइट बीडविषयी एवढेच सांगतो की, त्याच्यावर छापलेला ६०० ओहमचा आकडा सहसा १०० मेगाहर्ट्झसाठी असतो. कानाला ऐकू येणाऱ्या वारंवारतांना तो बीड म्हणजे केवळ तारेचा एक तुकडा. तो वाईट नाही, पण आपल्या तक्रारीवरचे ते औषध नव्हे.

डागडुजी :

एवढा खटाटोप कशासाठी? मॅक्स९८३५७ए चे आयटूएस (आवाज आकड्यांच्या रूपात घेणारे) अँप्लिफायर मॉड्यूल घ्या, तीन तारा जोडा आणि मोकळे व्हा. आतला ८ बिटांचा डॅक संगीतासाठी वापरूच नये, असे माझे मत आहे.

षड्जपंचम :

काका, चारही चाचण्या केल्या.

पोटेन्शिओमीटर शून्यावर असताना टिकटिक जशीच्या तशी राहते. शिट्टी जवळजवळ नाहीशी होते आणि खरखर पूर्ण जाते. पिन ३ आणि ४ आखूड तारेने जोडल्यावर मात्र टिकटिकही जवळपास गेली. कान स्पीकरला लावला तरच कळते. डॅकवर स्थिर संख्या ठेवल्यावर खरखर नाही, पण शिट्टी आणि टिकटिक दोन्ही आहेत. डिस्प्ले काढल्यावर शिट्टी गेली. मला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, पोटेन्शिओमीटर शून्यावर असणे म्हणजेसुद्धा इनपुट ग्राउंडला जोडलेले असणेच. मग एका ग्राउंडला टिकटिक आहे आणि दुसऱ्या ग्राउंडला नाही, हे कसे?

मोजपट्टी :

कारण ती दोन ग्राउंड एक नाहीत. आकृतीत त्यांना एकच चिन्ह असते, म्हणून आपण त्यांना एक समजतो.

तुमचे पोटेन्शिओमीटर ईएसपी३२ च्या बाजूला आहे, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. तिथून एलएम३८६ च्या पिन ४ पर्यंत ब्रेडबोर्डची पट्टी, दोनचार जंपर आणि त्यांचे स्प्रिंगचे सांधे आहेत. या साऱ्याचा मिळून रोध समजा ५० मिलिओहम आहे, आणि ब्रेडबोर्डवर तो याहून अधिकही असू शकतो. वायफायमुळे ईएसपी३२ चा प्रवाह अचानक २०० मिलिअँपिअरने वाढला आणि तो याच पट्टीवरून चार्जरकडे परतला, तर पट्टीच्या दोन टोकांमध्ये १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. अँप्लिफायरच्या दृष्टीने तो फरक हाच सिग्नल आहे. गेन २० असता तर स्पीकरवर त्याचे २०० मिलिव्होल्ट झाले असते. तुम्ही गेन २०० ठेवला आहे, म्हणून २ व्होल्ट होतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एलएम३८६ ची जवळजवळ सारी झेप त्यातच संपते. तुम्ही लावलेले मोठे कपॅसिटर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये आहेत. ग्राउंडच्याच दोन ठिकाणांमधल्या फरकावर त्यांचा इलाज चालत नाही.

टिकटिकीचा उगम पडताळून पाहता येईल. फोनवर ती रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीमध्ये उघडा आणि दोन ठोक्यांमधले अंतर मोजा. वायफायचा राउटर सर्वसाधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन (आपण आहोत असे कळवणारा संदेश) पाठवतो, आणि वीज वाचवण्यासाठी झोपलेला ईएसपी३२ तो ऐकण्यापुरता जागा होऊन पुन्हा झोपतो. अंतर ०.१ सेकंदाच्या आसपास किंवा त्याच्या पटीत निघाले, तर चोर सापडला असे समजा.

षड्जपंचम :

ताई, अंतर मोजले. एका ठोक्यापासून अकराव्या ठोक्यापर्यंत १.०२ सेकंद. एवढी स्वच्छ साक्ष मिळेल असे वाटले नव्हते.

जुनारेडिओ :

उत्तम. आता शिट्टीकडे वळू. डिस्प्ले काढल्यावर ती जाते आणि पोटेन्शिओमीटर शून्यावर आणल्यावरही जाते, याचा अर्थ ती सिग्नलच्या तारेतूनच येते आहे; म्हणजे डॅकमधूनच बाहेर पडते आहे. मोजपट्टीताई, याचे स्पष्टीकरण आपण माझ्यापेक्षा नेमके द्याल.

मोजपट्टी :

ईएसपी३२ च्या आतल्या डॅकला स्वतःचा वेगळा संदर्भ व्होल्टेज नाही. तो ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यालाच मोजपट्टी मानतो आणि त्याचे २५६ भाग करतो. १२८ ही संख्या दिली की बाहेर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज येते, मग तो पुरवठा त्या क्षणी जो काही असेल तो. ओलेड डिस्प्ले त्याच ३.३ व्होल्टवर आहे आणि चित्र रंगवताना त्याचा प्रवाह हलतो. त्यामुळे पुरवठा समजा २० मिलिव्होल्टने डोलला, तर स्थिर संख्येवरसुद्धा डॅकच्या बाहेर १० मिलिव्होल्ट डोलणार. पीडब्ल्यूएमवरून (पल्सची रुंदी बदलून) आवाज काढणाऱ्या साध्या आर्डुइनोचेही हेच आहे, कारण तिथेही पल्सची उंची म्हणजे पुरवठाच. अँप्लिफायरच्या बाबतीत गोष्ट वेगळी असते. एलएम३८६ च्या पिन ७ वर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर त्याच्या स्वतःच्या पुरवठ्यातला १ किलोहर्ट्झचा नॉईज तो सुमारे ५० डेसिबलने दाबतो. (तो कपॅसिटर तुम्ही लावला आहे ना? तुमच्या यादीत दिसला नाही.) डॅककडे असा दाब मुळीच नाही.

शिट्टी सूर बदलते, याचेही कारण बहुधा तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. डिस्प्ले तुम्ही सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवता? १२८ बाय ६४ च्या पडद्याचे १०२४ बाइट असतात, आणि आयटूसी (डिस्प्लेकडे माहिती नेणारा बस) ४०० किलोहर्ट्झवर चालवले तरी ते पाठवायला सुमारे २५ मिलिसेकंद लागतात. मुख्य लूपमध्ये सतत रंगवत असाल, तर तो बस क्षणभरही गप्प बसत नाही.

आणखी एक सूचना. प्रयोग करताना बोर्ड लॅपटॉपला जोडलेला असेल, तर नेमकी १ किलोहर्ट्झची एक स्थिर शिट्टी येऊ शकते. यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला असते, तिचा तो आवाज. ती ऐकून डिस्प्लेचा पाठलाग करू नका. मी एकदा पूर्ण रविवार त्यात घालवला आहे.

षड्जपंचम :

पिन ७ मोकळी होती, हे कबूल करतो. डिस्प्ले लूपमध्ये सतत रंगवत होतो, हेही खरे. आता पट्टी बदलली तरच रंगवतो आणि दहा सेकंदांनी पडदा बंद करतो. शिट्टी बरीच कमी झाली. वायफायची झोप प्रोग्रॅममधून बंद केली, तेव्हा टिकटिकही पुष्कळ कमी झाली. आता फोनवरून काही पाठवले तरच एखादा ठोका येतो. पण खरखर तशीच आहे.

डागडुजी :

खरखर जाणारच नाही, कारण ती ८ बिटांची आहे. म्हणून तर पहिल्याच दिवशी आयटूएस सुचवले होते.

मोजपट्टी :

डागडुजी यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ८ बिटांच्या आदर्श डॅकचे सिग्नल आणि नॉईज यांचे गुणोत्तर सुमारे ५० डेसिबल असते, तेही सिग्नल पूर्ण उंचीचा असताना. तानपुऱ्याची तार विरत जाऊन ३० डेसिबलने खाली आली, की नाद आणि खरखर यांच्यात २० डेसिबलच उरतात. ढोलकीच्या बोलांमध्ये हे लपून गेले असते. तानपुऱ्याची सारी मजा विरत्या नादातल्या जवारीत (तारेच्या झंकारात) असल्यामुळे ते नेमके तिथेच उघडे पडते. तरीही माझा प्रश्न असा आहे की, तुम्ही ते ५० डेसिबल तरी पूर्ण वापरता का? फोनवरच्या आवाजाच्या पट्टीने तुम्ही नेमके काय बदलता?

षड्जपंचम :

नमुन्याला एका अपूर्णांकाने गुणतो आणि मग डॅककडे पाठवतो. नेहमीच्या रियाजाला ती पट्टी सुमारे ५ टक्क्यांवर असते. त्याहून वर नेली की आवाज फाटतो.

जुनारेडिओ :

सारे दुखणे इथेच आहे, आणि ते आपल्या पहिल्याच निवेदनातल्या ‘गेन २००’ या शब्दांत दडलेले होते. मी ते तेव्हाच धरायला हवे होते.

हिशेब पाहा. डॅक पूर्ण उंचीवर ३.३ व्होल्टचा झोका देऊ शकतो. ५ व्होल्टवरच्या एलएम३८६ कडून ८ ओहमवर स्वच्छ असा साधारण ३ व्होल्टचा झोका मिळाला तरी पुष्कळ झाले. म्हणजे मुळात व्होल्टेज वाढवण्याची गरजच नाही; स्पीकरला प्रवाह पुरवण्यापुरतेच अँप्लिफायरचे काम आहे. आपण मात्र प्रोग्रॅममध्ये सिग्नल वीस पटीने लहान केलात, त्यात २५६ पायऱ्यांपैकी जेमतेम १३ पायऱ्या उरल्या, तो दुबळा सिग्नल गोंगाटाच्या पट्टीवरून चालवत नेलात आणि मग वाटेत जे जे चिकटले त्यासकट २०० पटीने मोठा केलात. बिचाऱ्या तानपुऱ्याने काय करावे?

उपाय असा सुचवतो. प्रोग्रॅममधला आवाज पूर्ण ठेवा. पिन १ आणि ८ मोकळ्या सोडा, म्हणजे गेन २० होईल. डॅकपासून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर १ किलोओहमचे पोटेन्शिओमीटर ठेवा. मधला पाय पिन ३ ला. रेझिस्टर आणि पोटेन्शिओमीटर हे दोन्ही एलएम३८६ च्या अगदी शेजारी हवेत, आणि पोटेन्शिओमीटरचा खालचा पाय थेट पिन ४ वर हवा. आकडे पडताळून पाहा : ३.३ भागिले २३ म्हणजे सुमारे ०.१४३ व्होल्ट, गुणिले २० म्हणजे २.८७ व्होल्ट. पोटेन्शिओमीटर पूर्ण उघडे असले तरी आवाज फाटणार नाही.

मोजपट्टी :

काकांच्या या मांडणीतली खरी गंमत त्या ‘शेजारी’ या शब्दात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ग्राउंडमधला १० मिलिव्होल्टचा फरक आणि डॅकमधून आलेला १० मिलिव्होल्टचा डोल हे दोन्ही सिग्नलसोबत त्या २२ किलोओहममधूनच येतात. रेझिस्टर आणि पोटेन्शिओमीटर मिळून होणाऱ्या विभाजकाचे खालचे टोक अँप्लिफायरच्या ग्राउंडला असल्यामुळे सिग्नलबरोबर तेही तेवीस पटीने लहान होतात : १० मिलिव्होल्टचे ०.४३, आणि स्पीकरवर जेमतेम ९ मिलिव्होल्ट. पूर्वी हेच २ व्होल्ट होत होते. म्हणजे एकही फिल्टर न घालता नॉईज सुमारे ४७ डेसिबलने खाली येतो, आणि तानपुऱ्याचा आवाज पूर्वीइतकाच राहतो. हाच विभाजक ईएसपी३२ च्या शेजारी ठेवला असता, तर लहान झालेला सिग्नल पुन्हा त्याच पट्टीवरून चालत आला असता आणि निम्मा फायदा वाया गेला असता.

पोटेन्शिओमीटरच्या दोन टोकांवर १० नॅनोफॅरड लावा. त्याने सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचे सारे उतरते ठेवले जाईल. डॅकच्या पायऱ्यांच्या कडा थोड्या गोल होतील, जवारीला धक्का लागणार नाही.

ग्राउंडची पट्टीही सुधारा. चार्जरच्या दोन तारा जिथे बोर्डावर येतात, तिथून ईएसपी३२ साठी एक जोडी आणि एलएम३८६ साठी दुसरी जोडी अशा वेगळ्या तारा न्या. स्पीकरची परतीची तारही पिन ४ जवळच यावी, कारण सर्वांत मोठा प्रवाह तिचा असतो. पिन ६ (पुरवठा) आणि ४ यांच्यावर ४७० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड. तुमचे आधी घेतलेले कपॅसिटर इथे कामी येतील. आउटपुटवर १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरड यांची जोडी नसेल तर तीही लावा, नाहीतर एलएम३८६ कधी कधी ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच कंप पावू लागतो आणि ते भलत्याच खरखरीच्या रूपाने कानावर येते.

डागडुजी :

हे वाचल्यावर मी माझे म्हणणे थोडे सुधारून मांडतो. मॅक्स९८३५७ए मध्ये स्पीकरच्या दारापर्यंत सिग्नल आकड्यांच्याच रूपात जातो. त्यामुळे ग्राउंडमधले १० काय नि ५० काय, मिलिव्होल्टचा फरक शून्य आणि एक यांच्यातला भेद पुसू शकत नाही. म्हणून ते मॉड्यूल शांत असते. पण पीसीएम५१०२ए सारखा उत्तम डॅक आणून त्याच्यापुढे हाच एलएम३८६ याच पट्टीवर लावला, तर खरखर जाईल आणि टिकटिक राहील. मी स्वतः अशी चूक केली होती आणि दोष त्या डॅकच्या मॉड्यूलला दिला होता.

राईनकाठ :

थोडे वेगळे, पण याच वाटेवरचे. इकडे जर्मनीत आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अशीच एक घरगुती पेटी मिक्सरला जोडली होती. घरी ती शांत होती, सभागृहात मात्र मोठा घुमारा सुरू झाला. पेटी लॅपटॉपवरून चालत होती, लॅपटॉपचा चार्जर अर्थिंगच्या पिनचा, आणि मिक्सरही अर्थ केलेला; त्यामुळे ऑडिओच्या केबलचे आवरण आणि इमारतीचे अर्थिंग यांचे एक मोठे वेटोळे तयार झाले. कोणीतरी अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला दिला. तो कृपया कोणीही मानू नये, त्यात जिवाला धोका आहे. आम्ही मध्ये एकास एक प्रमाणाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला आणि घुमारा थांबला. पॉवर बँकवर पेटी चालवली असती, तरी चालले असते.

गायिकेची तक्रार मला अजून आठवते. तिची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), म्हणजे खर्ज (खालचा षड्ज) सुमारे १०३.८ हर्ट्झ. घुमाऱ्यातला १०० हर्ट्झचा भाग त्याच्या इतका जवळ की, दोन्ही मिळून सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे ऐकू येत. ‘आवाज मोठा आहे’ असे ती म्हणाली नाही. ‘खर्ज उतरला आहे’ असे म्हणाली.

षड्जपंचम :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रात्री बसून सारे ब्रेडबोर्डवरून झिरो पीसीबीवर (सोल्डरिंगच्या छिद्रांच्या बोर्डावर) आणले. पुरवठ्याच्या वेगळ्या जोड्या, २२ किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक एलएम३८६ ला चिकटून, पिन ७ वर १० मायक्रोफॅरड, पिन १ आणि ८ मोकळ्या. फोनवरची आवाजाची पट्टी काढून टाकली आणि पेटीवर खुंटी बसवली, जी आईला तशीही अधिक सोयीची वाटते.

निकाल असा : टिकटिक स्पीकरला कान लावूनही ऐकू येत नाही. वायफायची झोप पुन्हा चालू करून पाहिली, तरी नाही. शिट्टी नाही. खरखर पूर्ण गेलेली नाही. तार अगदी विरताना एक वाळूसारखा पोत जाणवतो, पण तोवर पुढची तार छेडली जाते. आईची पट्टीही योगायोगाने काळी चारच आहे. राईनकाठ यांचे वाचून मी चार्जरवर आणि पॉवर बँकवर खर्ज आळीपाळीने ऐकवला. तिला फरक कळला नाही, म्हणजे चार्जरचा घुमारा नाही असे मानतो.

एकच त्रुटी राहिली आहे. पेटी सुरू करताना ‘धप्’ असा मोठा आवाज येतो.

जुनारेडिओ :

डॅक शून्यावरून एकदम निम्म्या व्होल्टेजवर उडी मारतो, त्याचा तो धक्का. प्रोग्रॅमच्या आरंभी संख्या ० पासून १२८ पर्यंत अर्ध्या सेकंदात सावकाश चढवा आणि बंद करतानाही तशीच उतरवा. आउटपुटच्या कपॅसिटरच्या भरण्याचाही थोडा आवाज असतो, तो राहील. तो कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे?

षड्जपंचम :

२२० चा आहे. संख्या सावकाश चढवून पाहिली. ‘धप्’ जाऊन आता हलकासा ‘टप्’ उरला आहे.

जुनारेडिओ :

२२० मायक्रोफॅरड आणि ८ ओहम म्हणजे ९० हर्ट्झच्या खालचे सारे उतरते. काळी चारच्या खर्जाला तेवढे पुरते. पेटी उद्या कुणा काळी एकच्या गायकाला दिलीत, तर त्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येईल. तेव्हा ४७० चा लावा आणि तो ‘टप्’ थोडा वाढेल हे सांगून ठेवा.

षड्जपंचम :

लावून ठेवतो. तेवढ्या खालच्या सुराला हा तीन इंचांचा स्पीकर पुरेल का, ते काळी एकवर वाजवून इथेच लिहीन.